शहर राहण्यायोग्य कशाने ठरते? पुण्याच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक व्हावे काय, हा विचार महाराष्ट्रातील अनेक घरांत चालू असतो, आणि त्याच्या मागोमाग शहर कशामुळे हवेसे वाटते व कशामुळे नकोसे होते, हे प्रश्नही येतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे पुणे डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. यातील बरेचसे विवेचन नाशिक, कोल्हापूर यांसारख्या वाढत्या शहरांनाही लागू पडेल; परंतु शहराचे गुण आणि ते हातचे निसटण्याची प्रक्रिया या दोन्ही गोष्टी पुण्यात एकाच वेळी पाहायला मिळतात, म्हणून उदाहरणे पुण्याचीच घेतली आहेत.

शहर राहण्यायोग्य आहे, असे नेमके केव्हा म्हणावे?

घराच्या आतील सोयी पैसे मोजून मिळवता येतात. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर जे लागते ते मात्र कोणालाही एकट्याने विकत घेता येत नाही: सलग पदपथ, वेळेवर येणारी बस, नळाचे स्वच्छ पाणी, झाडांची सावली, चालत जाण्याच्या अंतरावरील शाळा, परवडणारे नाट्यगृह आणि रात्री उशिरा घरी परतण्यातील निर्धास्तपणा. शहराची पारख या सामाईक गोष्टींवरून करावी, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी एकच प्रश्न विचारला तरी पुरतो. ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही आणि ज्याच्या हाती फारसा पैसाही नाही, अशा माणसाचा दिवस त्या शहरात कसा जातो? शाळकरी मुलगी, पंचाहत्तरीच्या आजी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी यांना ज्या शहरात कोणावरही अवलंबून न राहता वावरता येते, ते शहर मोटारीतून फिरणाऱ्यांनाही सुखाचेच वाटते. याच्या उलट घडतेच असे नाही.

सरकारी आणि जागतिक क्रमवारीवर कितपत विसंबून राहावे?

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१८ मध्ये राहण्यास सुलभ शहरांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत पुण्याचा पहिला क्रमांक होता. त्यानंतरच्या, मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या यादीत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत बंगळुरू पहिले आणि पुणे दुसरे आले. बंगळुरू आणि पुणे ही दोन्ही शहरे वाहतूक कोंडीसाठी ओळखली जात असताना असे कसे झाले, हा प्रश्न रास्त आहे. अशा याद्यांत रोजगार, शिक्षणसंस्था, रुग्णालये, पाणी, प्रशासन अशा अनेक बाबींना गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते, त्यामुळे एका बाबतीतील त्रास दुसऱ्या बाबतीतील श्रीमंतीने झाकला जातो. ब्रिटनमधील इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या जागतिक यादीतही स्थैर्याला २५, आरोग्यसेवेला २०, संस्कृती व पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के भार दिलेला असतो. परदेशी बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना गैरसोयीपोटी किती भत्ता द्यावा, हे ठरवताना कंपन्यांना ती यादी उपयोगी पडते. म्हणजेच तिचा रोख काही वर्षांसाठी येणाऱ्या सधन पाहुण्याकडे असतो, जन्मभर तेथे राहणाऱ्याकडे कमी. क्रमवारी पाहावी, पण घर निवडताना तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण कोणीही संपूर्ण शहरात राहत नसतो, एका वस्तीत राहत असतो.

लोक पुण्याकडे पूर्वीपासून का ओढले गेले?

पहिले कारण हवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, आणि म्हणून मुंबईचा दमटपणा किंवा विदर्भातील उन्हाळ्याची काहिली येथे नाही. दुसरे कारण शिक्षण. १८४८ मध्ये भिडेवाड्यात फुले दाम्पत्याने मुलींची शाळा काढली आणि त्याच वर्षी आजच्या पुणे नगर वाचन मंदिराचीही सुरुवात झाली. १८५४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पाया घातला गेला, १८८५ मध्ये फर्ग्युसन उभे राहिले, १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत वाहननिर्मितीचे मोठे कारखाने आले आणि शतकाच्या अखेरीस हिंजवडीत संगणक क्षेत्रातील कंपन्या. प्रत्येक लाटेबरोबर बाहेरून माणसे आली.

केवळ नोकरी मिळते म्हणून आलेला माणूस नोकरी संपल्यावर गावी परततो. पुण्यात मात्र तो राहिला, एवढेच नव्हे तर अन्यत्र नोकरी केलेली माणसेही निवृत्तीनंतर येथे घर करू लागली. याचे कारण शहर आटोपशीर होते. बहुतेक कामे पायी किंवा सायकलवर होत. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते यामुळेच.

जुन्या पेठांत इतकी दाटी असूनही तेथील रहिवासी बाहेर पडायला का तयार नसतात?

नारायण पेठेतील किंवा शनिवार पेठेतील एखादी गल्ली घ्या. तळमजल्यावर पिठाची गिरणी, तिच्या शेजारी किराणा, पलीकडे औषधांचे दुकान, कोपऱ्यावर अमृततुल्य चहाचे दुकान, वरच्या मजल्यावर दवाखाना आणि त्याच्याही वर बिऱ्हाडे. सकाळी दळणाचा डबा गिरणीत ठेवायचा, पुढे मंडईत जाऊन भाजी घ्यायची, येताना पोस्टात किंवा बँकेत डोकवायचे आणि परतीच्या वाटेवर दळण घेऊन घरी यायचे: एवढी कामे सत्तरी ओलांडलेली बाई तासाभरात, एक पैसाही प्रवासावर न घालवता करू शकते. वाटेत चार ओळखीची माणसे भेटतात. एखाद्या दिवशी ती दिसली नाही, तर गिरणीवाला चौकशी करतो. हे ओळखीचे जाळे कोणी आखून दिलेले नाही. दुकान, घर आणि रस्ता एकमेकांना लागून असल्यामुळे ते आपोआप विणले जाते.

पेठांतील अडचणीही खऱ्या आहेत. वाडे मोडकळीस आले, मालक व भाडेकरू यांच्या वादांत दुरुस्त्या रखडल्या, पार्किंगला जागा नाही, अग्निशामक बंब आत शिरत नाही. तेथील कोंदट दोन खोल्यांचे गोडवे गाणे योग्य होणार नाही. तरीही नव्या वस्त्या आखताना पेठांमधून एक गोष्ट घ्यायला हवी होती, ती म्हणजे रोजच्या गरजा पाच-दहा मिनिटांच्या चालीत ठेवण्याची. शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या अनेक नव्या गृहसंकुलांतून कोथिंबिरीची एक जुडी आणायलाही गाडी बाहेर काढावी लागते.

पदपथांना एवढे महत्त्व का द्यायचे?

कारण प्रत्येक प्रवासाची सुरुवात आणि शेवट चालण्यानेच होतो. बसने जाणाराही थांब्यापर्यंत चालतोच. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागात पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी आणि रस्त्यापासून पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. १.८ मीटर म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या (व्हीलचेअर) समोरासमोर आल्या तरी निघून जातील एवढी जागा.

प्रत्यक्षात काय दिसते? पदपथ रस्त्यापासून वीतभर उंच असतो, त्यामुळे आजींना चढताना कोणाचा तरी हात लागतो. दहा पावलांवर विजेची पेटी, पुढे झाडाचा फुटका पार, मग तिरक्या लावलेल्या दुचाकी, त्यानंतर एखाद्या इमारतीचे प्रवेशद्वार, जेथे पदपथ एकदम खाली उतरतो आणि लगेच पुन्हा वर चढतो. चार वेळा चढ-उतार करण्यापेक्षा माणूस सरळ रस्त्यावरून चालू लागतो, आणि मग पादचाऱ्यांना शिस्त नाही असे म्हटले जाते. शिस्तीआधी वाट द्यायला हवी.

ती देता येते, हे पुण्यानेच दाखवून दिले आहे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, त्यांवर बसायला बाक आले, झाडे वाचवून आखणी झाली, आणि पूर्वी जेथे लोक फक्त पुढे जाण्यासाठी चालत, तेथे ते संध्याकाळी रेंगाळू लागले. २०२१ पासून डिसेंबरमध्ये लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी लहान मुले रस्त्याच्या मधोमध खेळताना दिसतात. असे दिवस वाढायला हवेत. पण त्याहून आधी औंध किंवा जंगली महाराज रस्त्यावर जे झाले ते हडपसर, वडगाव शेरी, धानोरी आणि धायरीपर्यंत पोहोचायला हवे. चांगला पदपथ फक्त दर्शनी रस्त्यांच्या वाट्याला यावा, हे न्याय्य नाही.

मेट्रो आल्यावर वाहतुकीचा प्रश्न सुटेल का?

मेट्रोने फरक पडतो. पुण्यातील पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग खुला झाल्यावर पिंपरी-चिंचवडहून थेट स्वारगेटला उतरण्याची सोय झाली. वनाज ते रामवाडी ही दुसरी मार्गिका या मार्गाला जिल्हा न्यायालय स्थानकावर छेदते. पेठांखालून जाणारी गाडी कोंडीत अडकत नाही.

परंतु मेट्रो मोजक्या रेघांवरून धावते आणि शहर त्या रेघांच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेले आहे. उरलेल्या सगळ्यांचा भार पीएमपीच्या बसवर आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन परिवहन सेवा २००७ मध्ये एकत्र होऊन ही संस्था झाली. शहर आणि आजूबाजूचा भाग यांच्या वाढीला पुरतील एवढ्या बस तिच्याकडे कधीच नव्हत्या. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला, तो देशातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी होता. मात्र मार्गिका सलग राहिली नाही, चौकाचौकात तुटली, आणि तुटलेल्या मार्गिकेतून बसला वेग मिळाला नाही. बस दर सात-आठ मिनिटांनी येणार असेल तर माणूस वेळापत्रक पाहत नाही, थांब्यावर जाऊन उभा राहतो. पाऊण तासाने येणार असेल तर तो हप्त्याने दुचाकी घेतो, आणि एकदा घेतली की बसकडे परत येत नाही. पुण्यातील दुचाकींची गर्दी पुणेकरांच्या हौसेतून आली आहे, असे मला वाटत नाही. ती बसची वाट पाहून थकलेल्या लोकांची गर्दी आहे.

उड्डाणपुलांविषयी एवढेच सांगावेसे वाटते, की विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला आणि चांदणी चौकातील जुना पूल २०२२ मध्ये. पुढची गरज न पाहता बांधलेले पूल शहराला दोनदा खर्चात पाडतात.

चार धरणे असूनही पुण्यात टँकर का फिरतात?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. देशातील फार थोड्या महानगरांना इतक्या जवळ आणि इतक्या उंचीवर पाणी मिळालेले आहे. केंद्राच्या मानकाप्रमाणे शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, आणि एकूण हिशेब मांडला तर पुण्याकडे त्याहून अधिक पाणी येते. तरीही ते सर्वांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या वाहिन्यांतून मोठी गळती होते, मध्यवर्ती भागाला मुबलक आणि कडेच्या भागाला अपुरा पुरवठा होतो, आणि महापालिकेची हद्द वाढली तेवढ्या वेगाने जलवाहिन्या वाढल्या नाहीत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली. यातील कित्येक भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाण्याची वाट नंतर पाहिली जाऊ लागली. परिणामी लाखो रुपयांची सदनिका घेतलेल्या कुटुंबालाही देखभाल खर्चात टँकरचे पैसे भरावे लागतात आणि बोअरवेल दर वर्षी अधिक खोल जाते.

समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये कर्जरोख्यांतून २०० कोटी रुपये उभे केले होते. मीटर, नव्या टाक्या आणि वाहिन्या बदलणे हा त्या योजनेचा गाभा आहे. काम संथ झाले, तरी दिशा योग्य आहे, कारण पाणी मोजल्याशिवाय गळती सापडत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. याच धरणांच्या कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतील शेती अवलंबून आहे. शहराने आपली गळती न थांबवता अधिक पाणी मागितले, तर ते कोणाच्या तरी उसातून, ज्वारीतून किंवा जनावरांच्या हौदातून येते. पुण्याला पाणी वाटून घेण्याची जुनी शिकवण आहे. पेशवाईत कात्रजहून नळाने आणलेले पाणी शहरातील हौदांत येत असे, परंतु त्यांतील कित्येक हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बंद होते. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पाणी कोणाला मिळते, यावरून शहर ओळखता येते, हे तेव्हाही खरे होते.

टेकड्यांचे एवढे काय विशेष आहे? उद्याने असताना त्यांची गरज का?

हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई, चतुःश्रृंगी, बाणेर-पाषाणची टेकडी ही पुण्याची खरी श्रीमंती आहे. पहाटे साडेपाचला लॉ कॉलेजच्या मागून वर चढणाऱ्या वाटेवर पाहावे. कॅनव्हासचे बूट घातलेले निवृत्त प्राध्यापक, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, नातवाला घेऊन आलेले आजोबा आणि खांद्यावर पाच लिटरचा कॅन घेऊन आपण लावलेल्या रोपाला पाणी घालायला आलेले गृहस्थ, सगळे एकाच पायवाटेने जात असतात. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, सभासदत्व नाही. मोर ओरडतो, खाली शहर अजून धुक्यात असते. उद्यान हे निगा राखलेले, कुंपणातले आणि ठरावीक वेळेत उघडणारे असते. टेकडीवर माणूस मोकळा होतो. शिवाय पावसाचे पाणी टेकडीत मुरते आणि खालच्या वस्तीतील विहिरी व ओढे जिवंत ठेवते, हवा थंड राहते, पक्ष्यांना व सापांना घर मिळते.

१९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असावे, यासाठी नागरिकांनी दीर्घकाळ लढा दिला आणि राज्य सरकारने २०१५ मध्ये ९७८ हेक्टरांवरील हे आरक्षण कायम केले. निर्णयाला लागलेल्या या काळात उतारांवर बांधकामे झाली, आणि ज्यांच्या जमिनी आरक्षणात गेल्या त्यांचा योग्य मोबदल्याचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. हा प्रश्न टाळून टेकड्या वाचणार नाहीत. जमीनमालकाला न्याय मिळाला तरच आरक्षण टिकेल. वेताळ टेकडीला लागून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढण्याच्या प्रस्तावाला जो विरोध झाला, तोही याच भावनेतून. काही मिनिटे वाचवण्यासाठी टेकडी दिली, तर ती मिनिटे काही वर्षांत पुन्हा कोंडीत जातील. टेकडी परत येणार नाही.

नदीकाठी घर घ्यावे का?

नदीकडे पाहणारी खिडकी सर्वांनाच आवडते, म्हणून सावधपणे सांगतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे वाहून गेले; त्या दिवसाच्या आठवणी जुन्या घरांत अजूनही सांगितल्या जातात. तशी दुर्घटना एकदाच घडली, परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसे गेली, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरले. ओढ्यांची पात्रे अरुंद झाली, भराव पडले, आणि पाऊस कमी वेळात जास्त पडू लागला. जलसंपदा विभागाच्या नकाशात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा दाखवलेली असते. घर घेण्यापूर्वी या दोन्ही रेषा पाहाव्यातच. मुळा आणि मुठा यांचे पाणी सांडपाण्यामुळे आजही अस्वच्छ आहे. काठ सुशोभित करण्याआधी मैलापाणी शुद्ध करणे हे काम पूर्ण व्हायला हवे.

शहराची स्वच्छता कोणामुळे टिकते?

पुण्यात दारावर येऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेणाऱ्या ताईंमुळे. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत हजारो कचरावेचकांना ढकलगाडी, ओळखपत्र आणि घराघराकडून मिळणारे नियमित शुल्क मिळू लागले. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई आता सोसायटीच्या दारात हक्काने उभी राहते, हा बदल स्वच्छतेइतकाच मोलाचा आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून लाल खूण करून द्यावे, एवढी साधी विनंती त्या करतात. ती पाळली जावी.

रात्री वावरणे सुरक्षित आहे का?

मध्यवर्ती भागात, जेथे तळमजल्यावर दुकाने आणि वर घरे आहेत, तेथे रात्री दहा-साडेदहापर्यंत रस्त्यावर वर्दळ असते आणि मुलींना तुलनेने मोकळे वाटते. कंपन्यांच्या परिसरात, उंच कुंपणांच्या दोन संकुलांमधल्या लांबलचक रस्त्यावर मात्र दिवे असूनही निर्मनुष्यता असते. कॅमेरे उपयोगी आहेत. पण उघडे दुकान, फुलवाली आणि रिक्षाथांबा यांचा आधार त्याहून लवकर मिळतो.

संस्कृती आणि मनोरंजन हा चैनीचा भाग आहे का?

मुळीच नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये महापालिकेने बांधले, खाजगी कंपनीने नव्हे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. नगरपालिका जसे पाणी देते तसे रंगमंदिरही देते, अशी त्यामागची समज होती. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव, भरत नाट्य मंदिर, पेठापेठांतील ग्रंथालये, भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, व्याख्यानमाला आणि गणेशोत्सव यांमुळे कमी खर्चात संध्याकाळ चांगली जाऊ शकते. नवी पेठ व सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली मुले मेसच्या डब्यावर दिवस काढत अभ्यास करतात. त्यांच्यासाठी रात्री उघडी असणारी, स्वच्छ प्रसाधनगृह असलेली सार्वजनिक अभ्यासिका ही मोठी गोष्ट आहे. अशा अभ्यासिका महापालिकेने कितीतरी अधिक बांधायला हव्यात. उपनगरांत नाट्यगृहे झाली आहेत, पण ग्रंथालये फार विरळ आहेत.

उत्सवांच्या आवाजाविषयी तक्रारी येतात आणि त्या योग्य आहेत. नियमानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ढोल-ताशाची परंपरा आणि भिंती हादरवणारी ध्वनियंत्रणा या वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्व सोयी आत असलेली टाउनशिप घेतली, तर हे सारे प्रश्न मिटतात ना?

काही मिटतात. मगरपट्ट्याचे उदाहरण चांगले आहे: तेथे शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी विकून टाकण्याऐवजी एकत्र आणल्या आणि स्वतःच नगर वसवले, त्यामुळे वाढीचा लाभ मूळ मालकांकडे राहिला. शाळा, बाग, कार्यालये जवळजवळ आहेत. परंतु प्रवेशद्वाराबाहेर पडताच रस्ता, नाला आणि बस पुन्हा महापालिकेचीच असते. सधन कुटुंबांनी आपापल्या कुंपणात पाणी, सुरक्षा आणि बाग यांची स्वतंत्र सोय केली की बाहेरच्या सोयींसाठी आग्रह धरणारा आवाज क्षीण होतो, ही मला अधिक काळजीची बाब वाटते.

घरे इतकी महाग असताना शहर आकर्षक कसे म्हणायचे?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. शहर चांगले झाले की किमती वाढतात, आणि ज्यांच्या श्रमांवर ते चालते ती माणसे दूर लोटली जातात. परिचारिका, बसचालक, शिक्षक, स्वयंपाकाच्या मावशी यांना कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरवर राहावे लागले, तर त्यांचा दिवस प्रवासात जातो आणि शहराचे रस्तेही त्यांच्या प्रवासाने भरतात. व्हिएन्ना जागतिक याद्यांत वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले, त्यामागे तेथील जवळपास निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, हे मोठे कारण आहे. ही घरे बांधण्याची सुरुवात त्या नगराने १९२० च्या दशकात केली. पुण्यात म्हाडाच्या सोडतीला लोटणारी गर्दी पाहिली, की अशा घरांची भूक किती आहे ते कळते. मेट्रोस्थानकांजवळ वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, दिले जाते, तेव्हा त्या बदल्यात भाड्याची लहान घरे बांधण्याची सक्ती असायला हवी. झोपडपट्टी पुनर्वसन करतानाही कामाच्या जागेपासून माणसे तोडू नयेत.

सामान्य नागरिकाला यात काय करता येते?

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील लहान कामे सुचवता येतात: बाक, बसथांब्याचे छप्पर, पदपथाची दुरुस्ती, दिवे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो. अर्ज देऊन थांबू नये. काम मंजूर झाले का, निविदा निघाली का, हे विचारत राहावे. एका सोसायटीऐवजी रस्त्यावरील चार सोसायट्यांनी मिळून अर्ज दिल्यास त्याला वजन येते. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर पुण्याचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती होता, आणि कोणत्या दारात जावे हे लोकांना कळेनासे झाले. नगरसेवक असणे किती गरजेचे आहे, हे त्या काळात सर्वांना जाणवले.

घर घेण्यापूर्वी किंवा भाड्याने राहण्यापूर्वी काय तपासावे?

जागा रविवारी दुपारी पाहू नये. कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आणि पुन्हा रात्री नऊ वाजता पाहावी. जमल्यास मुसळधार पावसात एकदा जावे, म्हणजे तळघरात पाणी साचते का आणि मागचा ओढा कुठवर येतो, ते समजते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास परवानगी असल्याचा दाखला, मागावे. सोसायटीच्या सचिवांकडून मागील वर्षाचा टँकरचा खर्च विचारावा, आणि तो एप्रिल-मे महिन्यांचा वेगळा विचारावा. रखवालदाराशी बोलावे, कारण महापालिकेचे पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे त्याला सर्वांत नेमके माहीत असते. जवळच्या बसथांब्यावर अर्धा तास उभे राहून किती बस येतात ते मोजावे. घरी ज्येष्ठ असतील तर त्यांना सोबत घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन यावे आणि त्यांना विचारावे, की हे रोज जमेल का. त्यांनी जमणार नाही असे सांगितले, तर त्याच किमतीत थोडे लहान, पण दुकाने आणि थांबा जवळ असलेले घर पाहावे.